हरवलेल्या मातृभूमीचे सूर

लोकगीताला कर्ता नसतो, असे आपण म्हणतो. जात्यावरची ओवी प्रथम कोणी रचली, कापणीच्या वेळची भलरी प्रथम कोणाच्या मुखातून निघाली, हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु ती कोठली आणि कोणाची, एवढे मात्र आपण सहज सांगतो. ओवीचा कर्ता हरवला तरी ओवीचे गाव हरवत नाही. पण ज्या लोकांचे गावच हरवले, ज्यांच्या पूर्वजांचे नाव, भाषा आणि कुळ ही तिन्ही बळजबरीने पुसून टाकली गेली, त्यांनी आपली लोकगीते कोणाकडे मागावी? संगीताच्या इतिहासातील हा प्रश्न मोठा करुण आहे. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन निग्रो वंशाच्या, आजच्या भाषेत कृष्णवर्णीय, सॅक्सोफोनवादकाने १९६१ साली त्याला सुरांनी दिलेले उत्तर आज आपल्याला पाहावयाचे आहे.

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्याला अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय कलावंतांनी ते किती कौशल्याने वाजविले, हे जुन्या रसिकांना ठाऊक आहे. अ‍ॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे एकस्व घेतले. त्याचे अंग पितळेचे; पण मुखाशी वेताची पातळ पट्टी कंप पावते, म्हणून शास्त्रकार त्याची गणना सनईच्या गोत्रात करतात, तुतारीच्या नव्हे. लष्करी बँडसाठी जन्मलेले हे वाद्य पुढे अमेरिकेत जॅझ संगीताचे जणू कंठ होऊन बसले.

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. बालपण हाय पॉइंट या गावात आजोळी गेले. आजोबा विल्यम ब्लेअर हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचन हे केवळ बोलणे नसते. उपदेशकाचा आवाज हळूहळू चढत जातो, श्रोते त्याला हुंकार देतात, वाक्याचे गाणे होते आणि गाण्याची आरोळी होते. आपल्याकडे कीर्तनकाराने अभंगाचा चरण उचलावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, तसाच काहीसा हा प्रकार. मुलगा बारा वर्षांचा असताना काही महिन्यांच्या आतच आजोबा आणि वडील दोघेही निवर्तले. त्याच सुमारास त्याने वाद्य हाती घेतले, आणि ते पुन्हा खाली ठेवले नाही.

आता थोडे मागे जाऊ. अटलांटिक महासागरापार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या इतिहाससंशोधकांनी सुमारे सव्वा कोटी ठरविली आहे. त्यांतील बहुसंख्य ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेली. उत्तर अमेरिकेच्या वाट्याला थेट आलेली माणसे चार लाखांच्या आसपास. एका भाषेची माणसे मळ्यामळ्यांतून विखुरली गेली. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला आणि ढोल वाजवीत ते दक्षिणेकडे निघाले. उठाव मोडला गेला. दुसऱ्याच वर्षी, १७४० मध्ये, त्या वसाहतीने जो कडक कायदा केला त्यात गुलामांना शस्त्रांबरोबरच ढोल, शिंगे आणि मोठ्या आवाजाची इतर वाद्ये वापरण्याचीही बंदी करण्यात आली. कायदा करणाऱ्यांची दृष्टी एका अर्थी अचूक होती. ढोल आणि शिंग ही केवळ करमणुकीची साधने नव्हेत, ती माणसांना एकत्र बोलावणारी साधने आहेत, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

वाद्ये गेली; उरले कंठ, टाळ्या आणि पाय. त्यांतूनच शेतावरची श्रमगीते निघाली. एकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी उत्तर द्यावे, आणि त्या लयीवर कुदळ पडावी. बायबलातील कथांवर आपले दुःख पांघरणारी भक्तिगीते निघाली. १८७१ साली फिस्क विद्यापीठाच्या गायकांनी ही गीते गावोगावी गाऊन संस्थेसाठी पैसा उभा केला, तेव्हा ती प्रथम मोठ्या प्रमाणावर जगाच्या कानी पडली. याच मुळांतून पुढे ब्लूज आले, जॅझ आले. म्हणजे कोल्ट्रेनच्या हाती जी परंपरा आली, तिचा माथा दिसत होता, खोड दिसत होते. मूळ मात्र समुद्रापलीकडे होते आणि तिकडे जाणारी वाट पुसलेली होती.

कोल्ट्रेनची उमेदवारी दीर्घ आणि कष्टाची झाली. १९४३ साली तो फिलाडेल्फियाला आला. नौदलात एक वर्ष काढले, डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजविले आणि १९५५ साली माइल्स डेव्हिस या श्रेष्ठ ट्रंपेटवादकाच्या पंचकात त्याला स्थान मिळाले. परंतु हेरॉइन आणि मद्य यांनी त्याला ग्रासले होते. १९५७ साली डेव्हिसने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी त्याने व्यसनाचा त्याग केला. त्या काळात आपल्याला ईश्वरकृपेने जागृती लाभली, असे त्याने पुढे १९६४ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या कृतीच्या निवेदनात स्वतःच लिहिले आहे. त्यानंतर त्याच्या वादनात जी तळमळ दिसते ती कौशल्य मिरविणाऱ्याची नाही, शोध घेणाऱ्याची आहे. सरावाचा तर त्याला ध्यासच होता. संगीत वाजविणे आणि संगीत शोधणे यांत तो भेद करीत नसे.

१९६० च्या ऑक्टोबरात त्याने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे नाट्यगीत सोप्रानो सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केले. त्यात त्याने मूळ गाण्यातील स्वरसंवादांची गर्दी दूर सारली आणि दोनच स्वरसंवादांच्या आंदोलनावर विस्तीर्ण आलापी केली. ही ध्वनिमुद्रिका अनपेक्षितपणे लोकप्रिय झाली. इम्पल्स या नव्या कंपनीने त्याच्याशी करार केला, आणि पहिल्याच ध्वनिमुद्रिकेसाठी त्याला हवे तेवढे वादक देण्याची तयारी दाखविली. चार जणांचा संच घेऊन गावोगावच्या क्लबांत फिरणाऱ्या जॅझ कलावंताला अशी संधी क्वचितच मिळते. तिचे त्याने काय करावे? नामांकित गाणी घेऊन गोड मोठा वाद्यवृंद मागे उभा केला असता तर पैसा निश्चित होता. त्याने निराळी वाट धरली.

ते दिवस कोणते होते, याचे स्मरण असू द्यावे. १९६० साली आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले होते. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र बसमध्ये गोऱ्यांनी कोठे बसावे आणि काळ्यांनी कोठे, ही विषमता चालूच होती. ती मोडण्यासाठी ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणविणारे गोरे आणि काळे स्वयंसेवक एकत्र प्रवासास निघाले. १४ मे १९६१ रोजी अलाबामातील अ‍ॅनिस्टन गावाजवळ जमावाने त्यांची बस पेटवून दिली. त्यानंतर नऊ दिवसांनी, २३ मे रोजी, न्यूयॉर्कलगतच्या एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या उंच लाकडी छताच्या ध्वनिमुद्रणगृहात कोल्ट्रेनचा मोठा वाद्यवृंद जमला. दुसरी बैठक ७ जून रोजी झाली. या दोन बैठकींतून जी ध्वनिमुद्रिका निघाली तिचे नाव ‘आफ्रिका/ब्रास’.

या वाद्यवृंदाची बांधणी नेहमीची नव्हती. जॅझच्या मोठ्या वृंदात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन फड असतात आणि ते एकमेकांशी चढाओढीने बोलतात. येथे भर होता तो फ्रेंच हॉर्न, युफोनियम आणि ट्यूबा या गंभीर, घुमणाऱ्या वाद्यांवर. कोल्ट्रेनच्या संचातील पियानोवादक मॅकॉय टायनर पियानोवर जे स्वरसमूह वाजवीत असे, त्यांचाच आधार घेऊन एरिक डॉल्फी या त्याच्या प्रतिभाशाली मित्राने वृंदाची स्वरयोजना केली आणि संचालनही केले. म्हणजे मोठा वृंद बाहेरून आणून लहान संचाच्या मागे उभा केलेला नव्हता. लहान संचाचाच आवाज जणू दहापट मोठा करण्यात आला होता.

‘आफ्रिका’ ही मुख्य रचना सोळा मिनिटांहून थोडी अधिक लांबीची आहे. प्रारंभी दोन बास एका स्वराला धरून बसतात. एक त्या स्वराचा पाया घालतो, दुसरा त्याच्याभोवती लयीने खेळतो. कोल्ट्रेनला तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर हवा होता, आणि त्यासाठीच त्याने रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस असे दोन बासवादक घेतले. आफ्रिकन संगीताच्या ध्वनिमुद्रिका तो त्या काळी ऐकत होता. त्यातील लयीचे थर त्याने एल्विन जोन्स या ढोलवादकावर सोपविले. जोन्सच्या हातांत एकाच वेळी दोनाची आणि तिनाची चाल नांदत असे. आपल्या तालशास्त्रात आडीची लय समेच्या लयीवर चढवितात, तिची येथे आठवण होते. मग वृंदातील हॉर्न गर्जतात, हत्तींच्या कळपाचा चीत्कार ऐकू यावा तसे. आणि या सर्वांवर कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन सरळ, रुंद सुरांत हाक घालू लागतो.

श्रोतेहो, १७४० च्या त्या कायद्याचे शब्द आता आठवावेत. ढोल आणि शिंगे. त्या दोन वस्तू बंद केल्या गेल्या होत्या, आणि दोनशे एकवीस वर्षांनी त्याच दोन वस्तूंतून ही रचना उभी राहिली. कोल्ट्रेनच्या मनात तो कायदा होता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु इतिहासाची परतफेड अनेकदा ज्याच्या हातून होते त्याच्या नकळतच होते.

कोल्ट्रेन आफ्रिकेत कधी गेला नव्हता, पुढेही त्याचे जाणे झाले नाही. मग ‘आफ्रिका’ हे नाव घेण्याचा त्याला अधिकार काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच पोकळ नाही. आफ्रिका हा एक देश नव्हे, तेथे शेकडो भाषा आणि शेकडो संगीतपद्धती आहेत. त्यांतील कोणतीही एक या रचनेत जशीच्या तशी सापडत नाही. परंतु कोल्ट्रेनने तसा दावाही केला नाही. त्याने एखादी आफ्रिकन धून उचलून तिला पाश्चात्त्य पोशाख चढविला नाही. त्याने लयीची रीत, आधारस्वराची रीत, समूहाने हाकेला ओ देण्याची रीत एवढेच घेतले, आणि त्यावर स्वतःची रचना केली. ज्याचे घर हरवले आहे त्याला घराची प्रतिकृती करता येत नाही. फार तर घराची ओढ व्यक्त करता येते. ‘आफ्रिका’ ही त्या ओढीची रचना आहे, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही.

याच बैठकींत त्याने आणखी दोन लोकगीते हाताळली, आणि त्यांची निवड विचार करण्यासारखी आहे. पहिले ‘ग्रीनस्लीव्ह्ज’. हे इंग्लंडचे जुने गीत असून १५८० साली लंडनमध्ये त्याची नोंद झालेली आढळते. दुसरे ‘साँग ऑफ द अंडरग्राउंड रेलरोड’. गृहयुद्धापूर्वी दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना रात्रीच्या अंधारात, एका घरातून दुसऱ्या घरात लपवीत उत्तरेकडे पोचविणारी जी गुप्त साखळी होती, तिला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. हॅरिएट टबमन या वीरस्त्रीचे नाव तिच्याशी कायमचे जोडलेले आहे. कोल्ट्रेनच्या या रचनेचा आधार असलेल्या लोकगीतात पाणी पिण्याच्या भोपळ्याच्या मागे जा, असा संकेत आहे. तो भोपळा म्हणजे आपले सप्तर्षी. त्यांच्या रोखाने ध्रुव सापडतो आणि ध्रुवाच्या रोखाने उत्तर. गुलामांनी हे गीत खरोखर नकाशासारखे वापरले काय, याविषयी आधुनिक संशोधक साशंक आहेत. कारण ते प्रथम छापले गेले ते १९२८ साली. पण पळून जाणाऱ्याला ध्रुवताऱ्याचा आधार होता, यात शंका नाही.

एक गीत मालकांच्या मुलखातले आणि एक गुलामांचे. कोल्ट्रेनने दोन्ही सारख्याच आस्थेने वाजविली. लोकपरंपरा रक्ताने मिळते तशी कानानेही मिळते, आणि सूडाच्या भावनेने तिची वाटणी करता येत नाही, हे त्याने भाषण न करता दाखविले. अन्यायाविषयी तो उदासीन होता, असा याचा अर्थ नव्हे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मृत्यू पावल्या. दोन महिन्यांनी त्याने ‘अलाबामा’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात शब्द नाहीत, आक्रोश नाही. एखाद्या वृद्ध उपदेशकाने थडग्यापाशी उभे राहून हळू आवाजात बोलावे तसा सॅक्सोफोन बोलतो. आजोबांच्या चर्चमध्ये ऐकलेला तो स्वर येथे परत आला आहे.

समकालीनांनी या संगीताचे कौतुक केले काय? सर्वांनी नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’ या प्रमुख नियतकालिकात एका टीकाकाराने कोल्ट्रेन आणि डॉल्फी यांच्या वादनाला जॅझविरोधी ठरविले. दोघांनी पुढील वर्षी त्याच नियतकालिकात शांतपणे आपली बाजू मांडली. गंमत अशी की, परंपरेच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्यालाच परंपरेचा शत्रू म्हटले गेले. व्यवहाराची बाजूही होतीच. एवढा मोठा वृंद घेऊन दौरे काढणे परवडण्यासारखे नव्हते. कोल्ट्रेन पुन्हा आपल्या चौघांच्या संचाकडे वळला. ‘साँग ऑफ द अंडरग्राउंड रेलरोड’ तर कंपनीच्या कपाटातच राहिले. ते १९७४ साली बाहेर आले, तेव्हा त्याला जाऊन सात वर्षे झाली होती. वृंदातील बुकर लिटल हा तरुण ट्रंपेटवादक १९६१ च्याच ऑक्टोबरात अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला; डॉल्फी १९६४ साली बर्लिनमध्ये गेला. त्या दोन बैठकी पुन्हा जमून येणे नव्हते.

भारतीय संगीताकडेही त्याचे मन ओढले गेले होते. १९६१ च्या नोव्हेंबरातच त्याने न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजविली. तीही आधारस्वरावर उभारलेली आहे. पंडित रविशंकर यांची त्याने भेट घेतली, त्यांच्याकडून आपल्या संगीताची तत्त्वे समजावून घेतली, आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले. त्याच्या वादनातील क्षोभ आपल्याला अस्वस्थ करीत असे, असे रविशंकर यांनी पुढे सांगितले. हे दोघांनाही साजेसेच होते. एकाची परंपरा गुरुमुखातून अखंड आलेली, दुसऱ्याची तुटलेली. तुटलेल्या ठिकाणी क्षोभ असायचाच.

येथे मला आपल्याकडील एका कलावंताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कुमार गंधर्व कोल्ट्रेनपेक्षा दोन वर्षांनी वडील. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार इंदूरजवळच्या देवासला येऊन राहिले. गाणे बंद होते. कान मात्र उघडे होते. माळव्यातील बायकांची गाणी त्यांनी अंथरुणावरून ऐकली, पुढे ती जमविली, आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. या दोघांचा एकमेकांशी संबंध आला नव्हता. परंतु आपल्या जन्मगावापासून दूर, परक्या मुलखात राहून तेथल्या लोकसुरांतून स्वतःची रचना घडविणारा माणूस काय करतो, हे समजण्यास दोघेही सारखेच उपयोगी आहेत. कुमारांच्या खिडकीबाहेर ती गाणारी माणसे होती. कोल्ट्रेनच्या खिडकीबाहेर कोणी नव्हते. त्याला समुद्रापलीकडे कान लावावे लागले.

शेवटचा प्रसंग सांगून संपवितो. नायजेरियातून अमेरिकेत आलेले ढोलवादक बाबातुंडे ओलातुंजी यांच्याशी कोल्ट्रेनचा स्नेह होता. १९६२ साली त्याने ‘तुंजी’ ही रचना त्यांच्या नावाने केली, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी आफ्रिकन संस्कृतीचे केंद्र उभे करण्याचे योजिले तेव्हा त्याला द्रव्यसाह्य दिले. २३ एप्रिल १९६७ रोजी त्या केंद्रात कोल्ट्रेनचे वादन झाले. यकृताच्या कर्करोगाने त्याचे शरीर आतून पोखरले होते. जाहीर वादनाचे फार थोडे प्रसंग त्याच्या वाट्याला उरले होते. १७ जुलै रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षात, तो मरण पावला.

आफ्रिकेला जाणे त्याला जमले नाही. पण हार्लेममधील मुलांना ढोल शिकविणारे एक घर उभे राहण्यास त्याचा हात लागला. ज्या देशातील एका वसाहतीने एके काळी ढोलावर बंदी घातली होती, त्याच देशात. परंपरा वारशाने मिळाली तर ते भाग्य होय. न मिळाली तर ती आपल्या श्रमाने मिळवावी लागते, आणि मिळवून पुढच्यांच्या हाती द्यावी लागते. घरापासून दूर वसलेल्या कोणत्याही माणसांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता आहे, असे मला वाटत नाही.